आक्काचं पाणी राहिलं होतं

आक्का, सगळे म्हणतात, तुझा विधी फार शिस्तीत झाला. राहुरीच्या स्मशानभूमीत एवढी माणसं, पण कुठं गलका नाही, गडबड नाही, पांढऱ्या कपड्यांत सगळे ओळीनं उभे. त्रिशरण, पंचशील, गाथा, सगळं एका सुरात. परतताना दोघातिघांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं की चंदूभाऊ, सख्खी बहीण गेली तरी तुमचा आवाज हलला नाही. मी मान डोलावली. त्या वेळी मला बरं वाटलं होतं, हे तुला सांगायलाच हवं, कारण त्यानंतर आजपर्यंत मला बरं वाटलेलं नाही.

तू हे ऐकतेस असं मी मानत नाही. गेलेलं माणूस ऐकत नाही, येत नाही, अडकून राहत नाही, असं मी गावोगावच्या शोकसभांत सांगत आलोय. मग हे कुणाशी बोलतोस, असं कुणीही विचारेल. तू मात्र हसली असतीस आणि म्हणाली असतीस, बोल की, कोण बघतंय. म्हणून बोलतोय.

झालं असं. गाथा संपत आल्या होत्या. अग्नी द्यायच्या आधी दाजी पुढं आले. त्यांच्या हातात तुझा पितळी तांब्या होता, पाण्यानं भरलेला. तुझ्या प्रज्ञाच्या हातात ताट आणि ताटात वाटी. मागं, तू जिथं नर्स होतीस त्या दवाखान्यातल्या बायका. त्यांना तू शिकवलेलं होतं, त्यामुळे कुणी कुणाला काही विचारत नव्हतं, हळूहळू सगळ्या जवळ सरकत होत्या. काय चाललंय ते मला लगेच कळलं. मी शेवटची गाथा पुरी केली, दोन पावलं पुढं झालो आणि तांब्याच्या तोंडावर तळहात ठेवला. आणि म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "दाजी, हे बौद्धाचं मयत हाय. हितं पाणी पाजायचं न्हाई."

 दाजींनी वाद घातला असता तर मीही घातला असता, मला वादाची सवय आहे. पण त्यांनी तांब्या खाली ठेवला, लाकडांच्या शेजारी. बायका मागं सरल्या. प्रज्ञा ताट छातीशी धरून तशीच उभी राहिली. पुढं गर्दीत कुणाचा तरी पाय लागला, तांब्या कलंडला, पाणी मातीत गेलं. बहुतेकांना ते दिसलं नाही. मला दिसलं.

ह्या पाण्यावरून आपलं भांडण आई गेली तेव्हापासूनचं. त्याच साली तू बायकांच्या सहलीतून लंकेला जाऊन आली होतीस. तिथल्या एका घरी तुम्ही गेलात, त्या घरातलं कुणीतरी गेलं होतं. भंते बसलेले, समोर चटईवर घरातली सगळी माणसं, मधे झारी. ती झारी सगळ्यांनी मिळून धरायची, ज्यांचा हात पोहोचत नाही त्यांनी पुढच्याच्या कोपराला हात लावायचा, आणि गाथा चालू असताना वाटीत सावकाश पाणी ओतायचं. वाटी भरून सांडेपर्यंत. आपण केलेलं पुण्य गेलेल्या माणसाच्या नावे द्यायचं, असा त्याचा अर्थ. तू हे सांगत होतीस तेव्हा तुझे डोळे भरले होते आणि मी तुला मधेच तोडलं होतं. म्हणालो होतो, हे तर्पणच झालं, नाव फक्त बदललं.

तू म्हणालीस, "तर्पणात बामन सांगतो आन् पोरगा एकटा वततो. बाईनं लांब बसायचं. ह्यात समदे धरत्यात. मग सारखं कसं?"

ह्याचं उत्तर मला तेव्हाही आलं नव्हतं. म्हणून मी दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांवर गेलो. उत्तर सुचलं नाही की मी प्रतिज्ञांवर जातो, हे तू ओळखून होतीस. आईच्या पुण्यानुमोदनाला तू बायकांना घेऊन मिरजगावच्या घरात पाणी ओतलंस आणि मी एसटी स्टँडवर जाऊन बसलो. तू मला कधी त्यावरून टोचलं नाहीस. उलट पुढच्या वेळी आलीस तेव्हा हसत विचारलंस, "त्या दिवशी गाडी कुठली पकडायची हुती रं?"

आपल्यातल्या पुष्कळ गावांत पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवर 'जलदान विधी' छापतात. माझ्या हाताखालून जाणाऱ्या पत्रिकेवरचा तो शब्द मी खोडत आलोय. मिरजगावच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर बौद्धाचार्य म्हणून मलाच बोलावतात. मोटार रिवाइंडिंगचं दुकान अर्ध्यावर टाकून मी जातो, चहाच्या पलीकडे काही घेत नाही, आणि माझ्या देखत कुणाची हिंमत होत नाही. लोक म्हणतात, चंदूभाऊ कडक आहे. मला ते आवडायचं.

पण आक्का, नुसता अहंकार होता असंही नाही. आपल्या वडिलांचं, दादांचं तुला माहीत आहे. छप्पन सालाच्या आधी आजोबा गेले तेव्हा कावळा शिवेना म्हणून आपले दादा उन्हात हात जोडून बसले होते. विधी सांगायला आलेला माणूस लांब उभा राहून हे करा, ते करा म्हणत होता, आणि दादा कावळ्यापुढं कबूल होत होते की तुमचं राहिलेलं सगळं मी करीन, आता तरी शिवा. ते आठवून म्हातारपणीसुद्धा दादांच्या मानेची शीर ताठ व्हायची. दीक्षा घेतल्यावर त्यांनी घरातले देवांचे टाक, कुंकवाची पिंजर, सगळं नेऊन सीना नदीत टाकलं. मला म्हणायचे, हात मोकळं झालं आपलं, परत कशात गुंतवू नको. मी तेच राखत आलो. राखण करणाऱ्याला प्रत्येक जण चोर वाटायला लागतो, तसं माझं झालं असावं.

आपण दोघं बुद्धगयेला गेलो होतो, ती यात्रा मला ह्या दिवसांत फार आठवते. तू रजा काढलीस, मी दुकान बंद ठेवलं. तिथं प्रत्येक देशाचं वेगळं देऊळ. तुला प्रत्येकात आत जायचं होतं आणि मला प्रत्येकात काहीतरी चूक काढायची होती. थायलंडच्या देवळाचं छप्पर बघून मी म्हणालो, एवढं सोनं चढवलंय आणि बाहेर भिकारी बसलेत. जपानी देवळात कुणीतरी ढोल वाजवत होतं, तू दारात डोळे मिटून उभी राहिलीस आणि मी चप्पल सांभाळत. मूर्तीचा चेहरा प्रत्येक ठिकाणी निराळा. तू म्हणालीस, "बघ की, ज्याच्या घरी गेला त्याच्यासारखा झाला." मी म्हणालो, मग खरा कुठला? तू म्हणालीस, तू तहसीलदार आहेस का, खऱ्याचा दाखला मागायला.

तिबेटी देवळात ते मोठं चाक होतं, माणसाहून उंच. लोक ते फिरवत गोल चालत होते, दर फेरीला वर घंटा वाजत होती. तूही दांडी धरलीस. मी म्हणालो, आक्का, ही मोटर कुठंच जोडलेली नाही, नुसती फिरतीय. तू फिरवता फिरवताच म्हणालीस, "तुझ्या दुकानात तरी कुठं करंट असतो दिवसभर? तरी शटर उघडतोसच की." मागची तिबेटी बाई काही न कळता हसली. मी पण हसलो. तेवढं एक मी तुझ्याबरोबर मनापासून हसलो त्या देवळांत.

आणि मोठ्या देवळामागं, पिंपळाच्या बाजूला, ती म्हातारी. गुळगुळीत झालेल्या फळीवर ती पूर्ण अंग टाकून नमस्कार घालत होती, उठत होती, परत अंग टाकत होती. तिच्या कपाळाला घट्टा पडलेला. मी म्हणालो, ही कसली गुलामी. तू माझं ऐकलंच नाहीस. तू पिशवीतून मलमाची ट्यूब काढलीस, तिच्याजवळ जाऊन बसलीस आणि तिच्या सोललेल्या गुडघ्याला लावायला लागलीस. ती तुझ्याशी तिच्या भाषेत बोलत होती, तू आपल्या. परत येऊन माझ्याशेजारी बसलीस आणि ट्यूबचं झाकण लावता लावता बोललीस.

"चंदू, ह्या समद्यांनी बुद्ध घरी नेला आन् हातांना कायतरी काम दिलं. आपल्या हातात जे हुतं ते टाकून दिलं ते बरंच झालं, घाणच हुती ती. पर रिकाम्या हातांचं काय? मी दवाखान्यात रोज बघते. माणूस गेलं की जवळच्याला हात कुठं ठेवावं ते कळत न्हाई. कुणी चादर सारखी करतंय, कुणी सलाईनची नळी गुंडाळत बसतंय. मला त्यांना सांगावं वाटतं, हे धरा, हे करा. सांगायला आपल्याकडं कायच न्हाई."

मी काय उत्तर दिलं ते तुला आठवत असेल. मी म्हणालो, हातांनी पुस्तक धरावं. मला ते उत्तर इतकं आवडलं की पुढं किती भाषणांत मी ते वापरलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझं बोलणं मात्र मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर टाळ्या वाजल्या नसत्या.

आता स्मशानातून परत आल्यावरचं सांगतो. हे सांगायला मला जास्त जड जातंय.

आम्ही सगळे तुझ्या क्वार्टरवर परत आलो. दारात बादलीत पाणी ठेवलं होतं, लोक पाय धुऊन आत जात होते. मी कडेला थांबलो. मला आत जावंसं वाटेना. कुणाशी बोलावंसंही वाटेना. थोड्या वेळानं माझ्या तोंडात काहीतरी कडू लागलं. आधी कळेना कशानं. मग बघितलं तर कुंपणाजवळच्या कडुलिंबाची एक डहाळी माझ्या हातात होती, अर्धी ओरबाडलेली, आणि मी पाला चावत होतो.

मयतीहून आलं की लिंबाचा पाला चावायचा. लहानपणी आपल्या वस्तीतली माणसं परत येताना डहाळी मोडायची आणि सगळ्यांना वाटायची. दादांनी सगळं सोडलं, पण ही गोष्ट त्यांच्याही लक्षात आली नसावी, कारण ही कुणी सांगून करायची नव्हती, हातच करायचे. मी किती घरांत हे बंद करायला लावलं असेल. अंधश्रद्धा म्हणून मी ह्यावर बोललोय, उदाहरण देऊन बोललोय. आणि दाजींचा हात सगळ्यांसमोर थांबवून तास झाला नव्हता, तोवर माझा हात आपोआप वर जाऊन डहाळी मोडून आला होता.

मान वळवली तर पायरीवर प्रज्ञा उभी. कधीपासून बघत होती कुणास ठाऊक. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. तिनं हळूच विचारलं, "मामा, कडू हाय का?"

मला थुंकताही येईना आणि गिळताही येईना. शेवटी गिळलं. तिनं पाण्याचा पेला आणून दिला आणि आत गेली. आक्का, मी आयुष्यात पुष्कळांशी भांडलोय, पुष्कळांनी मला तोंडावर बोललंय, पण असा उघडा मी कुणासमोर पडलो नव्हतो. ती दवाखान्यात तुझ्या मागं-मागं फिरत वाढलेली मुलगी. तिला दिसलं की मामाच्या हातांनाही काहीतरी हवं होतं, आणि तेवढंच मामानं तिच्या बापाच्या हातातून काढून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी अस्थी गोळा करायला दाजी आणि मी गेलो.  मुळा नदीच्या कडेनं परत येताना दाजींशी बोलायला मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा गाडीवाल्याशीच बोललो.

मी मिरजगावला गेलो नाही, तुझ्या घरीच राहिलो. पुण्यानुमोदनाची तयारी चालली होती, मांडव कुठं घालायचा, भोजनदानाला काय करायचं, हे सगळे मलाच विचारत होते. एक दिवस दुपारी प्रज्ञानं मला स्वयंपाकघरात बोलावलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली की स्मशानात पाणी आणायचं ठरवलं ते तिनं, दाजींनी नव्हे, त्यामुळे मी दाजींवर राग धरू नये. मी म्हणालो, माझा कुणावर राग नाही.

"आईनं आधीच सांगितलं हुतं," ती म्हणाली. "पाणी करायचं तर मामा मिरजगावला गेल्यावर करा, घरातल्या घरात. मीच ऐकलं न्हाई. मला वाटलं, आईसाठी मामा तेवढं चालवून घेतील."

तू असं का सांगितलंस ते मी विचारलं. तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"म्हणाली, चार माणसांत त्याला माघार घ्यायला लागली तर त्याला लई लाज वाटंल. त्याचं तोंड पडू देऊ नका."

मी तिथून उठलो आणि परसात जाऊन उभा राहिलो. आक्का, तुझ्या मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. तुला धड कूस बदलता येत नव्हती. त्यातही तू माझं तोंड कुठं पडू नये ह्याची व्यवस्था लावत होतीस. तुला मी पुरता माहीत होतो, आणि तरी तुला मी हवा होतो. आणि मी तुझ्यासमोर, तुझ्या नवऱ्याचं तोंड पाडलं. मला लाज वाटली. अजून वाटते. लाज वाटते हे म्हणायलाही मला आज पहिल्यांदाच जमतंय.

परसातल्या नळावर दाजी कपबश्या विसळत होते. मी त्यांना म्हणालो की कार्यक्रमाच्या दिवशी पाणी करू. त्यांनी नळ बंद केला.

"आता कशाला? मी आन् पोरगी करू घरात. तिनं तसंच सांगितलंय."

मी म्हणालो, घरात नको, मांडवात, सगळ्यांसमोर करू. ते हातातली बशी पालथी घालत म्हणाले, "थांबवलं तू. आता सांगायचं पन तूच. मी तांब्या आणून ठेवीन, हात लावायला बोलवनार न्हाई."

आज तो कार्यक्रम झाला, म्हणून तर हे सगळं बोलतोय. मांडव भरला होता. राहुरीची माणसं होती, मिरजगावकडून माझ्या ओळखीचे टेम्पो करून आले होते. मी गाथा म्हटल्या. काय बोलायचं ते मी सकाळपासून जुळवत होतो, त्यात बुद्धगया होती, लंका होती, आईचंही होतं. उभा राहिलो आणि काहीच आठवेना. लोक उठायच्या तयारीत होते. मी म्हणालो, थांबा, एक राहिलंय. त्या दिवशी मी आक्काचं पाणी अडवलं. ते मी चुकीचं केलं. ते आता करायचंय.

 मग मिरजगावचा उत्तम उठला. गाथा म्हणायला मीच त्याला शिकवलंय, चांगला संसारी माणूस आहे, मनात काही ठेवून बोलणारा नाही. त्यानं सरळ विचारलं, "भाऊ, तुमी तर आमच्या पत्रिकेवरनं हे खोडलं हुतं. मग हे आपल्यात चालतं का? कुठं लिवलंय?"

कुठं लिहिलंय, हे विचारायला त्याला मीच शिकवलं होतं. मी म्हणालो, "मला ठाव न्हाई. आक्का करायची."

काही जण उठून गेले. उत्तमही गेला, मान खाली घालून. मी त्यांना दोष देत नाही, काही दिवसांपूर्वी मीही उठलो असतो. त्यांच्यापैकी काही आता मला बोलावणार नाहीत आणि तेही रास्तच आहे.

दाजींनी तांब्या आणून चटईवर, ताट-वाटीशेजारी ठेवला आणि बाजूला बसले. मी खाली बसलो, तांब्या उचलला. कुणी पुढं येईना. मला वाटलं, आता हे एकट्यानंच करावं लागणार, आणि एकट्यानं करायचं तर ते तुझं राहणार नाही. तेवढ्यात तुझ्याबरोबर काम केलेली ती सिस्टर आली आणि तिनं तांब्याच्या बुडाला हात लावला. मग बाकीच्या आल्या. प्रज्ञानं माझं कोपर धरलं. सगळ्यांत शेवटी दाजींचा हात आला, माझ्या हातावर. त्यांच्या हाताला भांड्यांच्या साबणाचा वास होता.

गाथा मला म्हणायच्या होत्या, मी सुरुवातही केली, पण माझा आवाज फुटला आणि मधेच थांबला. त्या दिवशी न हललेला आवाज आज सगळ्यांसमोर गेला. पुढच्या ओळी बायकांनी म्हटल्या. वाटी भरली, पाणी काठावर थरथरलं आणि ताटात सांडलं. दाजींनी हात काढला, सगळ्यांनी काढले. मी मात्र तांब्या तसाच वाकवून धरून बसलो होतो, त्यात काही उरलं नव्हतं. शेवटी प्रज्ञानं तो माझ्या हातातून सोडवून घेतला.